एका 'सर'ला शंभर यार्ड

डिसेंबर लागला की आमच्या भोईवाड्यात सकाळी आठपर्यंत स्वेटर दिसतात. थंडी म्हणावी अशी नसतेच, पण कपाटातला स्वेटर बाहेर काढायला मुंबईकराला तेवढं निमित्त पुरतं. याच दिवसांत विहाराशेजारची अभ्यासिका भरायला लागते. दारात चपलांचा ढीग, आत पंखे बंद, खोकल्याचे आवाज आणि पानं उलटल्याचे. कुणी पोलीस भरतीचं, कुणी बँकेचं, कुणी सैन्यदलाच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसलेलं असतं. जिथं आमची चाळ होती तिथं आता टॉवर झालाय. मी त्याच्या अकराव्या मजल्यावर राहतो आणि आठवड्यातून तीन सकाळी खाली उतरून या मुलामुलींना गणित आणि नकाशा शिकवतो. नकाशा शिकवायला कुणी सांगितलेलं नाही. तो माझा हट्ट.

गेल्या आठवड्यात प्रज्ञा आली. आमच्या शेजाऱ्यांची नात. हवाई दलाची लेखी परीक्षा पास झालीय आणि पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. मी तिची खोटी मुलाखत घेत होतो. मध्येच तीच मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही बॉम्बरमध्ये होतात ना? एकाहत्तरच्या युद्धात किती बॉम्ब टाकलेत?"

"एकही नाही."

तिचा चेहरा पडला. आजूबाजूची दोन-तीन डोकीही पुस्तकातून वर आली होती, ती परत खाली गेली.

"मग त्या वर्षी तुम्ही केलंत काय?"

"शिकत होतो," मी म्हणालो. तेवढ्यावर विषय संपला. पण घरी आल्यावर माझा संपला नाही. खिडकीत उभा राहिलो, खाली कोर्टाच्या बाजूला वकिलांची स्कूटर लावायची धांदल चालली होती, आणि माझ्या नाकात मात्र रबरी मास्कचा वास आला. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी डिसेंबरात तो वास येतो. त्याला तोडगा नाही.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. बी.एस्सी. झालेला, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत वाढलेला. हवाई दलाच्या निवडीत सगळं पार पडलं, फक्त पायलटच्या यंत्रावरच्या चाचणीत नापास झालो. समोरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, नॅव्हिगेटर होणार का? मी हो म्हणून आलो. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "हे नॅव्हिगेटर म्हणजे काय?"

"विमानाला वाट दाखवणारा."

"विमानाला वाट लागते?"

माझी धाकटी बहीण शांता स्टोव्हजवळ बसली होती, ती तिथंच हसत सुटली. "लागते म्हणजे? आपला दादा लावणारच ना वाट!"

विमानाला वाट दाखवणारा हे मी सांगितलं, पण पुढचं मलाही माहीत नव्हतं. बॉम्बर विमानात नॅव्हिगेटरचं आणखी एक काम असतं. बॉम्ब पायलट टाकतो असं सगळ्यांना वाटतं. पायलट विमान चालवतो. त्याच्या खाली, विमानाच्या अगदी नाकात, काचेवर पोटावर पालथा पडलेला एक जण असतो. त्याच्या डोळ्यासमोर नेम धरायचं यंत्र आणि हातात बटण. लक्ष्याच्या आधीची शेवटची दोन मिनिटं विमान कुठं वळायचं ते तोच सांगतो. ते शिकवणाऱ्या वर्गात मी त्या सप्टेंबरात जाऊन पडलो. युद्धाचे ढग जमलेच होते. आमचा अभ्यासक्रम आखडला, तासिका दुप्पट झाल्या, सगळ्या सुट्ट्या रद्द झाल्या.

दक्षिणेतला एक उघडाबोडका माळ. कडुनिंबाची रांग, धावपट्टीवर थरथरणारं ऊन, आणि सगळ्या कपड्यांना, भाताला, उशीलासुद्धा विमानाच्या तेलाचा वास. एका शेडमध्ये जुनं, इंग्रजांच्या काळातलं यंत्र होतं. छताजवळच्या फळीवर आम्ही पालथे पडायचो आणि खाली जमिनीवर दिव्याच्या उजेडात शेतं, नदी, पूल असं चित्र सरकत यायचं. आपण सांगायचं, प्रशिक्षकांनी चाक फिरवायचं, चित्र वळायचं. तापलेल्या दिव्यावरची धूळ जळत राहायची. त्या फळीवर मी वर्गात पहिला होतो. चित्र सावकाश सरकायचं, त्याला घाई नव्हती.

पहिल्यांदा खऱ्या विमानाच्या नाकात पडलो तेव्हा हनुवटीखालून जमीन धावत होती. मास्क गालाला रुतलेला, कानात इंजिनांचा एकसुरी आवाज, पोटाखाली थंडगार काच. समोरून रेंज आली. बाभळींच्या मधलं मोकळं मैदान, त्यात चुन्यानं आखलेलं पांढरं वर्तुळ. वर्तुळ यंत्रातल्या रेघेच्या डावीकडे सरकायला लागलं. मी म्हणालो, "सर, लिटल लेफ्ट, सर, प्लीज."

विमान वळलं तोवर वर्तुळ मागे गेलं होतं. सरावाच्या बॉम्बमधून फक्त धूर निघतो. तो धूर पार पलीकडे बाभळीत निघाला.

दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही.

आमचे प्रशिक्षक फ्लाइट लेफ्टनंट मॅथ्यू. बुटके, काळेसावळे, स्वतः नॅव्हिगेटर. जेवताना हिरवी मिरची कच्ची चावून खायचे आणि काहीही समजावताना स्वतःच्या तळहातावर पेननं आकृती काढायचे. दिवस संपेपर्यंत त्यांचा डावा हात निळा झालेला असायचा. चौथ्या दिवशी त्यांनी मला विमानाच्या पंखाखाली सावलीत बसवलं आणि तळहातावर एक सरळ रेघ ओढली.

"एका सेकंदात विमान किती जातं?"

"शंभर यार्ड, सर."

"तेरा एक 'सर' सौ गज का पड़ता है, जाधव. दो बार बोला, दो सौ. 'प्लीज' का अलग." मग रेघेच्या टोकाशी, अगदी मनगटावर, त्यांनी बाभळीचं झाड काढलं.

सगळे हसले, मीही हसलो. पण पाचव्या दिवशी तोंडातून पुन्हा 'सर' गेलाच.

तो कुठून यायचा ते मला पक्कं माहीत होतं. बाबा गिरणीत रिंग खात्यात होते, सूत कातायच्या यंत्रांवर. कापड विणायच्या खात्यात कामगाराला बरं मानायचे, पण तिथं आमच्या माणसांना घेत नसत. धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि आमचे ओठ लागलेल्या धोट्याला दुसरे ओठ लावायला तयार नसत. हे बाबांनी आम्हाला एकदाच सांगितलं, जेवताना, आज हवा दमट आहे हे सांगावं तसं. नंतरच्या काळात गोष्टी सैल झाल्या, पण बाबा रिंग खात्यातच राहिले. त्यांनी आम्हा भावंडांना एक शिकवण दिली होती. साहेबासमोर हळू बोलायचं, आधी साहेब म्हणायचं, म्हणजे बोट दाखवायला कुणाला जागा राहत नाही. त्या शिकवणीवर मी शाळा काढली, कॉलेज काढलं, निवड मंडळाची मुलाखत काढली. ती माझी ढाल होती, आणि आता तीच मला आडवी येत होती. वर बसलेला पायलट माझ्याहून किती हुद्दे मोठा, त्याला मी नुसतं 'लेफ्ट' कसं म्हणू? जीभ वळायचीच नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी लेखी इशारा मिळाला. महिन्याभरात सुधारणा नाही तर घरी. चाळीतल्या सगळ्यांनी मला हार घालून गाडीत बसवलं होतं. ते हार डोळ्यांसमोर आले.

मॅथ्यू सरांनी त्या दिवशी काही शिकवलं नाही. मिरची चावत त्यांनी विचारलं, "घर में ऊँचा कौन बोलता है?"

"आई. नळावर, सर. पाणी सकाळी पाऊण तास येतं, तीस बिऱ्हाडं."

"क्या बोलती है?"

मला सांगायला संकोच वाटला. "बोलते, 'सरक!'"

"सरक?" त्यांचे डोळे चमकले. "बस? और लोग सरकते हैं?"

"सगळे सरकतात, सर."

ते इतके हसले की मिरचीचा ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "देख, 'सर' तो तेरे पास है ही. उसमें एक 'क' लगा दे."

दुसऱ्या सकाळपासून फुटबॉलच्या मैदानावर आमचा नवा वर्ग सुरू झाला. माझा खोलीतला जोडीदार त्रिपाठी, कानपूरचा, उंचापुरा आणि भोळा. त्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधायचा. त्यानं दुडक्या चालीनं पळायचं आणि मी मागून ओरडून त्याला गोलपोस्टमधून काढायचं. शब्द ठरलेले होते. डावीकडे वळायचं तर 'लेफ्ट लेफ्ट' असं दोनदा, उजवीकडे तर 'राइट' असं एकदाच आणि लांब. इंजिनाच्या आवाजात शब्द कळला नाही तरी किती वेळा म्हटलं त्यावरून दिशा कळते. सरळ चालला असेल तर 'स्टेडी'. याशिवाय एक अक्षर नाही. पहिल्या दिवशी त्रिपाठी दोनदा कुंपणात शिरला आणि एकदा कुणा अधिकाऱ्याच्या सायकलवर पडला. टॉवेल काढून, हातातले काटे उपटत तो म्हणाला, "अबे, मैं मर जाऊँगा तब बोलेगा क्या? चिल्ला!"

मी ओरडायला लागलो. आठवड्याभरात तो गोलपोस्टमधून जायला लागला. मग तो मुद्दाम तिरका पळायचा आणि मी त्याला वळवून आणायचो. माळावरचं सकाळचं ऊन, गवतावरचं दंव, एकट्या माझ्या आवाजाचे कडुनिंबावरून परतणारे पडसाद. आपला आवाज एवढा मोठा आहे हे मला एकविसाव्या वर्षी कळलं.

हे मी घरी लिहिलं. शांताचं उत्तर आलं: 'तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्रिपाठी डोळे बांधून तुझ्या शब्दावर पळतो तिथं त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, परत वाच. परत वाचलं. मग म्हणाले, आडनाव परत वाच.'

बाकीचं मला तिनं लिहायची गरज नव्हती.

नोव्हेंबरात माझे बॉम्ब बाभळीतून बाहेर आले, मैदानात यायला लागले. त्याच सुमारास आम्हा कॅडेटांकडून खंदक खणून घेतले, विमानांवर जाळ्या पडल्या, आणि एकेक प्रशिक्षक आपापल्या जुन्या स्क्वाड्रनला परत बोलावला जाऊ लागला. सकाळी वर्गात यावं तर फळ्यावरच्या यादीतलं एक नाव पुसलेलं. तीन डिसेंबरला युद्ध सुरू झालं. शांतानं लिहिलं की खोलीच्या काचांना खाकी कागद चिकटवलाय, आणि शेजारचे काका सायरन वाजला की गिरणीचा भोंगा समजून डबा घेऊन निघतात. सहा डिसेंबरला एवढ्या सगळ्यातही आई दादरला चैत्यभूमीवर गेली, रांगेत उभी राहिली, अंधार पडायच्या आत परतली. शेवटी आईचा निरोप होता: 'तुझी परीक्षा आहे ते तिथं सांगून आले.'

ते पत्र मी वाचत होतो तेव्हा मॅथ्यू सर बॅग घेऊन आमच्या बराकीपाशी आले. रेशनचा ट्रक त्यांना स्टेशनवर सोडणार होता. त्यांचं नाव दुपारी फळ्यावरून पुसलं गेलं होतं. त्यांनी आम्हा सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशी मिळवताना म्हणाले, "टेस्ट में मैं नहीं रहूँगा. चिल्लाना." मग ट्रकच्या मागे चढून बसले. हात हलवला तेव्हा तळहात निळाच होता.

परीक्षा दोन दिवसांनी. पायलटच्या जागी खुद्द मुख्य प्रशिक्षक, विंग कमांडर धिल्लाँ. त्यांच्यासमोर आमच्यातले निम्मे लोक नुसते उभे राहिले तरी घामाघूम व्हायचे. त्या दिवशी कमी उंचीवरून चार बॉम्ब टाकायचे होते. रेंजच्या टॉवरनं मैदान मोकळं असल्याचा निरोप दिला. मी पोटावर पडलो. पांढरं वर्तुळ समोरून आलं. "लेफ्ट लेफ्ट. स्टेडी. राइट. स्टेडी." आवाज स्वच्छ होता. विमान माझ्या शब्दाबरोबर वळत होतं. अंगठा बटणावर गेला.

काचेखालून जमीन सगळी एकाच दिशेनं वाहत असते. दगड, झुडपं, चुन्याची रेघ, सगळं एकत्र मागे जातं. त्यात वर्तुळाच्या अलीकडे काही पांढरे ठिपके आडवे चालले होते. आणि त्यांच्यामागे एक तांबडा.

"डमी रन!" मी ओरडलो. म्हणजे बॉम्ब टाकत नाही. "गो राउंड!"

कानात धिल्लाँ सरांचा आवाज आला. "रेंज क्लिअर है. टॉवर ने बोला है. कंटिन्यू."

"नो. गो राउंड."

वर्तुळ पोटाखालून गेलं. विमानानं मोठा वळसा घेतला. टॉवरला पुन्हा विचारलं गेलं, टॉवरनं पुन्हा मोकळं म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा आलो. या वेळी ठिपके, तांबड्यासकट, वर्तुळाच्या पलीकडे होते, जवळच.

"डमी रन."

धिल्लाँ सरांनी विमान वळवलं आणि चारही बॉम्ब पोटात घेऊन आम्ही तळावर परतलो. उतरल्यावर हातमोजे काढत त्यांनी विचारलं, "क्या देखा?"

"बकऱ्या, सर. आणि एक बाई. लाल साडी."

"टॉवर ने नहीं देखा."

"टॉवरला दिसलं नसेल, सर."

त्यांनी हातमोजे खिशात कोंबले. "जाओ."

संध्याकाळी मला कागद दिला. काय घडलं ते लिहून द्यायचं. रेंजवरच्या लोकांचा जबाब आधीच आला होता, मैदानात कुणीही नव्हतं. म्हणजे इशारा मिळालेल्या एका कॅडेटनं ऐन परीक्षेत बॉम्ब टाकायचं टाळलं, एवढाच अर्थ निघत होता. त्रिपाठी माझ्या खाटेवर येऊन बसला. "यार, लिख दे कि धूप आँख में आई, भ्रम हुआ होगा. दोबारा टेस्ट मिल जाएगी. ये लोग इतना तो कर देंगे."

तो माझ्या भल्याचंच सांगत होता. बाकीच्यांचंही तेच म्हणणं पडलं. मी पेन घेऊन बराच वेळ बसलो. उन्हामुळे भास झाला असावा. एवढं एक वाक्य. ते लिहिलं असतं तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. टॉवरही खरा ठरत होता, मीही वाचत होतो. पण मी पाहिलं होतं. मी लिहिलं, 'मी बकऱ्या आणि एक बाई पाहिली. दोन्ही वेळा पाहिली. म्हणून बॉम्ब टाकला नाही.' खाली सही केली.

पुढचे दोन दिवस मला कुठल्याच विमानात घेतलं नाही. इतरांची विमानं उडताना बघत मी खंदकाची माती उपसली. घरी काय सांगायचं त्याची वाक्यं मनात तयार करत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळाच्या मोठ्या दरवाजापाशी आरडाओरडा ऐकू आला. एक बाई हातात काठी घेऊन पहारेकऱ्यांशी भांडत होती. तिची भाषा येणारा एक हवालदार बोलावला. तिची तक्रार अशी, की तीन दिवसांपूर्वी विमानं डोक्यावर घिरट्या घालायला लागली म्हणून ती भिऊन मैदानातून पळाली आणि तिची एक गाभण बकरी आतच राहिली. ती बकरी सरकारनं तिला परत करावी. मैदानात का गेली होतीस, असं विचारल्यावर तिनं मान फिरवली. आमच्या बॉम्बचे पत्रे गोळा करायला गावातली माणसं चोरून शिरतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मैदानाच्या मधून एक कोरडा नाला जात होता. त्यातून चाललेलं माणूस टॉवरवरून दिसतच नव्हतं. बकरीही त्याच नाल्यात सापडली, जिवंत.

मला दरवाजापाशी बोलावून घेतलं. बाई चाळिशीची असेल. हातापायांना भेगा, कपाळावर मोठं कुंकू, आणि तीच लाल साडी. काचेखालच्या तांबड्या ठिपक्याला नाक होतं, नाकात मोरणी होती. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. बकरी अडकवून ठेवणाऱ्या लोकांपैकी मीही एक, अशा रागानं तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि बकरी खांद्यावर टाकून निघून गेली. तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. काय सांगणार होतो?

दुपारी धिल्लाँ सर स्वतः वर्गात आले. सगळे ताठ उभे राहिले. त्यांनी मला पुढं बोलावलं आणि वर्गाला सांगितलं, "इस कॅडेट ने मुझे दो बार कहा, घूमो. मैं दो बार घूमा. आज का लेक्चर इतना ही है." आणि ते निघून गेले. त्रिपाठीनं मागून माझ्या पाठीत इतका जोरात गुद्दा घातला की अजून आठवतो.

मग माझी परीक्षा पुन्हा झाली. चारातले तीन बॉम्ब वर्तुळात पडले. चौथ्याबद्दल विचारू नका.

डिसेंबरच्या मध्यावर युद्ध संपलं. मेसमध्ये नाच झाला, कुणीतरी पंख्याला फुगे बांधले. जिंकल्याचा आनंद आम्हा सगळ्यांना होता आणि मनात थोडी चुटपूटही होती, की आपण शिकतच राहिलो. फुगे अजून उतरवले नव्हते तेव्हा बातमी आली. मॅथ्यू सरांचं विमान युद्ध संपायच्या तीन दिवस आधी गेलं होतं, परतलं नव्हतं. मी मैदानावर जाऊन बसलो. त्रिपाठीही आला.

प्रज्ञानं विचारलं होतं, किती बॉम्ब टाकलेत. युद्धात मी पोहोचलो असतो तर टाकले असते. ते माझं काम होतं, मी ते मन लावून शिकलो होतो, आणि मॅथ्यू सर तेच करायला गेले होते. यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही. पुढं वीस वर्षं विमानांना वाट दाखवली, त्यांत लढाईची पाळी आली नाही. तरीही कुणी विचारलं की हवाई दलात काय केलंत, तर सगळ्यात आधी मला तो कागद आठवतो, ज्यावर मी भास झाला असं लिहिलं नाही. त्याखालची सही माझ्या सगळ्या सह्यांत सरळ आलेली आहे.

फेब्रुवारीत आमचा दीक्षान्त सोहळा झाला. आई-बाबा आणि शांता भोईवाड्यातून बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन दोन दिवसांचा प्रवास करून आले. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कोट घातला होता, खांद्यात थोडा मोठा. त्रिपाठी धावत आला. "बाबूजी, आपके बेटे ने मुझे बहुत काँटों में डाला है," असं म्हणत तो पाया पडायला वाकला. बाबांनी दचकून पाय मागे घेतले. त्रिपाठीला वाटलं आपला हात पोहोचला नाही, तो पुन्हा वाकला. या वेळी बाबांनी पाय जिथे होते तिथेच ठेवले.

छातीवर बिल्ले लावायची वेळ आली तेव्हा मॅथ्यू सरांनी शिकवलेल्या कॅडेटांना बिल्ले लावायला एक बाई पुढं आल्या. पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले, वय तिशीच्या आत. त्या मिसेस मॅथ्यू होत्या. धिल्लाँ सरांच्या पत्नी त्यांच्याबरोबर होत्या. माझ्यासमोर आल्यावर त्यांनी नाव वाचलं आणि थांबल्या. "जाधव? उन्होंने चिट्ठी में लिखा था. आप 'सर' बहुत बोलते हैं."

"अब कम बोलता हूँ, मॅम."

"अच्छा," त्या म्हणाल्या. पिन लावताना त्यांचा हात अजिबात हलला नाही.

चहाच्या शामियान्यात आईनं माझी छाती निरखून बघितली. पायलटच्या बिल्ल्याला दोन पंख असतात, नॅव्हिगेटरच्याला एकच, एका बाजूला पसरलेला. तिनं चारी बाजूंना उभ्या असलेल्या पायलटांचे बिल्ले पाहिले, परत माझा पाहिला, आणि शेजारी चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या बाईंना आपल्या मुंबईच्या हिंदीत सरळ विचारलं, "बाई, इन लोगों को दो पंख दिया, मेरे लडके को एकच कायको?"

मला तिला थांबवायचं होतं. आई कुणाला विचारतेय ते तिला माहीत नव्हतं. मी पुढं झालो, पण मिसेस मॅथ्यूंनी मला नजरेनंच थांबवलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"माँजी," त्या म्हणाल्या, "मेरे पति का भी एक ही था."

आईनं त्यांच्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं. मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. डब्याचं झाकण उघडून तिनं एक लाडू त्यांच्या हातावर ठेवला आणि त्यांची बोटं आपल्या हातानं मिटवली. मग माझ्याकडे वळली, पदराच्या टोकानं माझा बिल्ला पुसला, जरासा तिरका झाला होता तो अंगठ्यानं सरळ केला.

"असू दे," ती म्हणाली. "एकच बरोबर आहे."